हवा, धुऊन इस्त्री करून

३ नोव्हेंबर

आणि पुन्हा एकदा लिहून ठेवतो, तो धूर आमचा नाही.

लाँड्रीच्या धुराड्यातून निघते ती वाफ. वाफ पांढरी असते. काळी दिसते ती बघणाऱ्याच्या नजरेमुळे. हे मी समोरच्या शाळेतल्या बाईंना भर रस्त्यात, शांतपणे, फक्त दोनदा ओरडून समजावलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. म्हणाल्या, माझ्या वर्गातली निम्मी पोरं खोकतात. मी म्हटलं, दिवसभर फळ्यावर खडू तुम्ही घासता आणि खोकल्याचं बिल आमच्या नावावर फाडता होय? तेव्हापासून त्यांचं नाव खडूबाई. त्या मला काय म्हणतात ते एका पोराने सांगितलं. इथे लिहीत नाही, वही चांगली आहे.

आता म्हणे त्यांनी पालिकेत अर्ज दिलाय. सह्यांसकट.

ठराव: खडूबाईंशी यापुढे एक शब्द बोलायचा नाही. त्यांना चांगलं सुनावायचं.

५ नोव्हेंबर

खोकल्याने जाग आली. माझा नव्हे, काकांचा. मलाही थोडा आला, पण तो त्यांचा लागला.

काका म्हणजे नात्याने कोणी नाहीत. बॉयलर सांभाळतात आणि माझ्याच खोलीत राहतात, म्हणून काका. वर्ष संपलं की नोकरी सोडून गावी जाणार. छाती साथ देत नाही म्हणतात. वय झालं की माणूस छातीचं नाव पुढे करतो. त्यांची जागा मला मिळणार हे ठरल्यात जमा आहे, म्हणजे मी ठरवलंय. सध्या मी मशीनमधल्या ओल्या चादरी सुकवायच्या खोलीत वाहतो. बॉयलरवाल्याला याच्या जवळजवळ दुप्पट मिळतात, शिवाय थंडीत जागा उबदार.

काकांना आनंदाने सांगायला गेलो तर म्हणाले, पोरा, चादरी वाहा, हमाली कर, पण भट्टीच्या तोंडाशी उभा राहू नकोस. बघा. स्वतः आयुष्यभर उबेला बसले, आता दुसरा बसला तर डोळ्यात खुपतं.

संध्याकाळी ताईला फोन केला. प्रमोशन झालंय असं सांगून टाकलं, उगाच नंतर दुसरा फोन कशाला. नवीन वर्षात आईला गॅस घेऊन देतो म्हणालो. शेगडी, सिलिंडर, नळी, सगळं एकदम. चूल बंद. ताई म्हणाली, मागच्या वेळीसुद्धा नवीन वर्षच म्हणाला होतास. आईचे डोळे दिवसभर गळतात, विचारलं तर म्हणते लेकाची आठवण आली, आणि आम्हाला माहितेय ते लाकूड ओलं आहे.

ताईला कोणाचं चांगलं बघवत नाही. लहानपणापासून.

१० नोव्हेंबर

मोठी बातमी. मी सरकारी माणूस झालो.

खडूबाईंच्या अर्जावरून पालिकेच्या एक बाई आल्या. हवा तपासणाऱ्या. आमच्या खोल्यांच्या गच्चीवर एक मशीन बसवलं. पत्र्याची पेटी, वर छपरी, आत पंखा. पंखा हवा ओढतो आणि मध्ये एक पांढरा गोल कागद असतो, त्यातून सोडतो. दर सोमवारी जुना कागद काढून चपट्या डबीत ठेवायचा, नवीन लावायचा. डबी बाई घेऊन जाणार. त्यासाठी कोण, असं विचारल्यावर मालकाने माझ्याकडे बोट दाखवलं. गच्चीला लागून खोली माझीच, पण तेवढ्यासाठी नाही. माणसाची पारख असते.

तपासणीबाईंनी चिमटा दिला आणि शिकवलं. कागदाला हात लावायचा नाही. फुंकर मारायची नाही. काही म्हणजे काही करायचं नाही. हे वाक्य तीन वेळा बोलल्या. मला राग आला. काही न करण्यासाठी माणूस कशाला लागतो? सातवीत शाळा सोडली ती माझ्या मर्जीने, अक्कल सोडली नव्हती.

जाताना खडूबाई फाटकात उभ्या होत्या. चिमटा दाखवला त्यांना. लांबूनच.

१७ नोव्हेंबर

पेटी उघडली. धक्काच बसला.

मागच्या सोमवारी दुधासारखा होता तो कागद. आज तव्याच्या बुडासारखा. आता हा असा डबीत घालून एका बाईमाणसाच्या हातात द्यायचा? लाँड्रीत काम करणाऱ्याने? आमच्याकडून हॉस्पिटलच्या रक्ताच्या चादरी बर्फासारख्या होऊन जातात, आणि मी काळा कागद देऊ? लोक काय म्हणतील, घरचीच पोरं मळकी.

खाली आणला. कागद नाजूक होता, पण लेसच्या कॉलरला जी रीत तीच याला. दोन जाळ्यांच्या मध्ये धरला, कोमट पाण्यात सौम्य साबणाची भुकटी, चोळायचं नाही, फक्त बुडवायचं आणि उचलायचं. तीन पाणी. मग मऊ फडक्यात दाबून, वर फडकं ठेवून मंद इस्त्री. कडेला थोडा विरला, पण सांगितल्याशिवाय कळणार नाही.

डबीत ठेवला तेव्हा नवरीसारखा दिसत होता.

काका दारात उभे राहून बघत होते. हसले, मग खोकला आला, मग हसणं राहिलं.

२४ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. खडूबाई, वाचा.

दिला तेव्हा कागदाचं जे वजन होतं, त्यापेक्षा परत आला तेव्हा कमी भरलं. तपासणीबाई दोनदा म्हणाल्या, असं होऊ शकत नाही. तराजू बिघडला असेल. मी म्हटलं, तराजूला कशाला नावं ठेवता? आमच्या हवेने तुमच्या कागदातली मूळची घाणसुद्धा काढून घेतली. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. कौतुक व्यक्त करायची सवय नसते काही लोकांना.

या आठवड्याचा कागदही धुतला. हात बसत चाललाय.

मालक खूष. एका मोठ्या हॉटेलच्या चादरी आम्हाला मिळायच्या आहेत, पण हॉटेलवाले म्हणतात हवा न बिघडवणारी लाँड्री पाहिजे, धुराचा आणि कार्बनचा हिशोब दाखवा. मालक म्हणाला, हे असेच रिपोर्ट येत राहिले तर काकांनंतर बॉयलर तुझा. आणि रस्त्याकडून दिसणारी बाजू सुधारावी म्हणून धुराड्याला पांढरा रंग लावायला सांगितला. मीच लावला. फारच देखणं दिसतं.

१ डिसेंबर

धुराडं वरून काळं व्हायला लागलंय. रंगवाल्याने फसवलं. उद्या जाऊन त्याची कॉलर धरणार.

सकाळी थोडा घसा साफ करावा लागला. अर्धा तास.

तपासणीबाईंनी आज कार्बनचं सांगितलं. कागदावर बसते ती काजळी. पण जळलं की आणखी एक वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, तो कागदावर बसतच नाही. वर जाऊन साठतो आणि पृथ्वीभोवती गोधडीसारखा गुंडाळला जातो, म्हणून उष्णता बाहेर जात नाही. मी म्हटलं, गोधडी ना? पाठवून द्या, धुऊन देतो. हसल्या नाहीत. म्हणाल्या, ती धुता येत नाही. काय जाळलं आणि किती जाळलं त्यावरून तिचा हिशोब लागतो. मग विचारलं, तुम्ही काय जाळता?

मी म्हटलं, लाकूड. बाजूच्या चपलांच्या कारखान्यातून तळव्यांची कातरण येते त्याबद्दल बोललो नाही, कारण ती लाकडातच धरायची. रबर म्हणजे शेवटी झाडाचा चीकच. झाड जाळलं काय आणि चीक जाळला काय.

जी गोष्ट दिसत नाही, वास येत नाही, हाताला लागत नाही, तिचा हिशोब मागायचा! उद्या म्हणतील स्वप्नांचं भाडं द्या.

रंगवाल्याकडे गेलो नाही. चढ आहे तिकडे. दम लागतो.

८ डिसेंबर

पुन्हा वजन कमी. लागोपाठ तिसऱ्यांदा. पालिकेच्या मोठ्या ऑफिसातून कागद आलाय, त्यात आमच्या भागाच्या हवेचा कल उत्साहवर्धक असल्याचं छापलंय. आलेखसुद्धा आहे. रेघ खाली खाली येत जमिनीत शिरते. मालकाने फ्रेम करून काउंटरवर टांगला. मी एक झेरॉक्स काढून शाळेच्या फाटकावर चिकटवली. डिंक सढळ हाताने.

खडूबाईंनी फाटकावर एक फळी लावलीय. रोज तिच्यावर लिहितात, आज इतकी मुलं खोकल्यामुळे गैरहजर. माझी झेरॉक्स बरोब्बर तिच्या शेजारी. वाचणाऱ्याने काय ते ठरवावं.

त्या बाहेर आल्या. भांडायला तयारच होतो. त्यांनी झेरॉक्स वाचली आणि म्हणाल्या, इतकी चांगली हवा आहे तर या मैदानात उभे राहा आणि पाच मोठे श्वास घ्या. घेतले. दुसऱ्यालाच उबळ आली ती थांबेना, डोळ्यांपुढे काजवे. पोरं वर्गाच्या खिडकीतून मोजत होती. खडूबाईंनी पाणी आणून दिलं आणि पाठीवर थोपटलं.

कावा आहे. पाण्यातच काहीतरी असणार.

१५ डिसेंबर

बॉयलरची नळी फुटली. दुरुस्तीला आठवडा. लाँड्री बंद, मालक भुंकतोय.

फोन झाला. ताईने विचारलं, शेगडी दोन बर्नरची की तीनची? टोमणा होता की खरंच विचारत होती कळलं नाही. मी तीन म्हणालो. म्हणाली, आई जुनी चूल लिंपायची थांबलीय, म्हणते आता कशाला, गॅस येतोय. लिंपण पडलं, त्यामुळे धूर जास्तच घरात फिरतो. पण म्हणते चालेल थोडे दिवस.

आईचं हे बरोबर आहे. विश्वास हवा.

२२ डिसेंबर

पेटी उघडली आणि डोळ्यांत पाणी आलं. कागद जवळजवळ पांढरा! न धुता!

इतके दिवस मी तो धुऊन धुऊन देत आलो त्याचं हे फळ. पोराला रोज आंघोळ घातली की त्याला स्वच्छतेचं वळण लागतं, तसं हवेला लागलं. बॉयलर बंद होता हा योगायोग. कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

अशा गुणी कागदाचं काहीतरी करायला हवं होतं. नुसतं पाण्यातून काढला आणि स्टार्च दिला. घट्ट, नवरदेवाच्या शर्टाला देतो तसा. इस्त्रीनंतर पत्र्यासारखा उभा राहिला. टिचकी मारली तर वाजत होता.

फळीवर खडूबाईंनी या आठवड्यात गैरहजर मुलं कमी कमी होत गेलेली दाखवलीयत. साहजिक आहे. बाजू लंगडी पडल्यावर आकडे बदलतातच लोक. आकड्यांशी खेळणारी माणसं मला मनापासून आवडत नाहीत.

मलाही या आठवड्यात खोकला कमी होता. आराम मिळाला ना.

२६ डिसेंबर

ऐका! ऐका म्हणजे कोण, वहीच ऐक.

बंद आठवड्याचं वजन आजवरचं सगळ्यात जास्त! म्हणजे बॉयलर चालू असतो तेव्हा हवा स्वच्छ, बंद असतो तेव्हा घाण. आता बोला. मी पहिल्या पानापासून हेच लिहीत आलोय, फक्त पुरावा नव्हता. आमचा बॉयलर हवा बिघडवत नाही, आमचा बॉयलर हवा धुतो!

मालकाला इतका आनंद झाला की मला खुर्चीवर बसायला सांगितलं. हॉटेलवाल्यांना हेच लिहून पाठवणार. बॉयलर एक तारखेपासून माझा. फक्त एक डॉक्टरी टेस्ट, फिटचा दाखला, तो काय कुणालाही मिळतो.

फोनवर ताईला म्हणालो, दुकानात जाऊन शेगडी बघून ठेवा. काचेची घ्या.

तपासणीबाई सोमवारी स्वतः येणार आहेत. सत्कार असेल. शर्टाला स्टार्च.

२९ डिसेंबर, दुपारी

काय लिहू. माणसाची पारख राहिली नाही जगात.

बाई आल्या त्या डबी घेऊनच. उघडून मला म्हणाल्या, वास घ्या. घेतला. छान होता, आमच्याच साबणाचा. म्हणाल्या, हवेच्या कागदाला साबणाचा वास कसा? आणि हा उभा कसा राहतो?

मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं? जाळी, कोमट पाणी, तीन पाणी, मंद इस्त्री, आणि बंद आठवड्यात स्टार्च. चोळलं नाही हेही सांगितलं, कारण तिथेच लोक चुकतात. त्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसल्या. हळूच विचारलं, सगळे? मी म्हटलं, म्हणजे काय? एक धुवायचा आणि एक तसाच द्यायचा, असलं अर्धवट काम मी करत नाही.

त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, अहो, त्या कागदावर जे बसतं तेच मला मोजायचं होतं. तुम्ही दर आठवड्याला ते गटारात सोडलंत. कमी भरला तो कागद झिजला म्हणून, आणि जास्त भरला तो स्टार्च होता.

मग आधी सांगायचं! काही करू नका म्हणे. काही म्हणजे धुणं येतं का त्यात? धुणं आमचं कामच आहे.

चिमटा परत घेतला. नवीन कागद स्वतः लावला आणि पेटीला कुलूप घातलं. कुलूप! माझ्या डोळ्यांसमोर.

३१ डिसेंबर

काका गावी गेले. जाताना त्यांचा पंचा मला देऊन गेले, भट्टीपुढे नाकातोंडाला बांधायचे तो. काळाकुट्ट. म्हणाले, घेतलीसच ती जागा तर निदान हा तरी बांध. मी म्हटलं, मला सवय नाही नाजूकपणाची. त्यांनी सामान उचललं, जिन्यात तीनदा थांबले. मी सामान घ्यायला गेलो असतो, पण मलाही जिना चढून नुकताच दम लागला होता.

पंचा फरशी पुसायला ठेवलाय.

संकल्प: नवीन वर्षात आईला गॅस. हा जुनाच आहे, पण चांगला आहे म्हणून पुन्हा.

५ जानेवारी

तपासणीबाईंनी मालकासमोर, खडूबाईंसमोर, सगळ्यांसमोर कुलूप उघडलं. कागद काळा. तव्याच्या बुडासारखा, पहिल्यासारखाच. बाईंनी तो चिमट्याने उंच धरला आणि शेजारी एक कोरा. मी म्हटलं, मशीनला इतके दिवस स्वच्छ हवेची सवय लागली होती, एकदम कुलूप लावल्याने गुदमरलं असेल.

मग त्या भट्टीकडे गेल्या. कातरणीचं पोतं पायाने उघडलं. हे लाकूड का, असं मला विचारलं. झाडाच्या चिकाचं सांगावं असं वाटलं, पण खोकला आला.

बॉयलरला सील. मालकाला दंड. आलेख काउंटरवरून उतरवला, नवीन येणार म्हणे, रेघ वर जाणारी. शिवाय मालकाच्या लाकडाच्या आणि कातरणीच्या बिलांवरून त्या न दिसणाऱ्या वायूचाही हिशोब लागला. गोधडी बरीच जाड निघाली.

मालक माझ्यावर धावून आला. तुला तो कागद धुवायला सांगितलं कोणी, म्हणाला. मी म्हटलं, लाँड्रीत दुसरं काय सांगतात?

ते बोलायला नको होतं. दंडाचा माझा वाटा पगारातून कापणार.

१२ जानेवारी

मालकाची अक्कल ठिकाणावर आली, पण उलट्या बाजूने. हॉटेलचं काम हातचं जाऊ नये म्हणून कर्ज काढून नवा बॉयलर आणला. गॅसवरचा. पांढरा, कपाटाएवढा, भिंतीला टेकून उभा. भट्टी नाही, राख नाही. बटण दाबलं की निळी ज्योत. तपासणीबाई म्हणाल्या, काजळी जवळपास जाईल, तो दुसरा वायूसुद्धा कमी होईल, पण शून्य होणार नाही, उगाच फ्रेम करून टांगू नका.

बटण दाबायलाही माणूस लागतोच. तो मीच, हे उघड आहे. मालक रागात आहे म्हणून बोलत नाही.

बाईंच्या हुकमाने भट्टीजवळ वावरलेल्या सगळ्यांची छातीची टेस्ट होणार आहे. माझी अगोदरच ठरली होती, तीच आता यात. बरं झालं, फिटचा दाखला हातात आला की मालकाच्या टेबलावर आपटायचा.

सराव: रोज सकाळी फुगा फुगवायचा.

१४ जानेवारी

फुगे हल्ली फार जाड रबराचे काढतात.

१९ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी एका नळीत फुंकायला सांगितलं. जोर लावून, थांबायचं नाही. थांबलो. पुन्हा फुंकलो. पडद्यावर एक रेघ वर चढायला हवी होती, ती थोडी उठली आणि बसली, काकांसारखी, जिन्यात.

वय विचारलं. सांगितलं. कागद बघून पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, एवढ्या वेळात काय वाढणार?

नळीत कचरा असेल असं मी म्हणालो. त्यांनी नवी नळी लावली. मग म्हणाल्या, कचरा नळीत नाही.

लिहून दिलं: भट्टी, धूर, उष्णता, चढ-उतार यापासून लांब. औषध, रोज. मी विचारलं, बटण दाबायला चालेल का? त्यांना कळलं नाही मी कशाबद्दल विचारतोय. मालकाला मात्र कळलं. म्हणाला, बटण मी येता-जाता दाबतो, त्याला माणूस नाही लागत.

मला टॉवेलच्या घड्या घालायला बसवलंय. बायांच्या रांगेत. पगार चादरींपेक्षाही कमी. बसून काम आहे म्हणून.

२५ जानेवारी

रविवार. करायला काही नव्हतं. काकांचा पंचा फरशीवर पडला होता, धुवायला घेतला.

पाणी काळं. बदललं. काळं. पुन्हा बदललं. साबण बदलला, गरम पाणी घेतलं, भिजत ठेवला, चोळला. जो कागद न चोळता निघायचा त्याचं मी एवढं सांगत होतो, आणि हा चोळूनही निघेना. शेवटी पाणी बदलायचा थांबलो.

धुराडं बंद होऊन बरेच दिवस झालेत. पांढरा रंग पुन्हा लावला नाही, तरी आणखी काळं झालेलं नाही. रंगवाल्याशी भांडायला गेलो नाही ते बरंच झालं.

शाळेच्या फळीवर दोन दिवस काहीच लिहिलं नव्हतं. मला वाटलं, खडूबाई विसरल्या. काल फाटकाशी भेटल्या तेव्हा सांगितलं तसं. म्हणाल्या, विसरले नाही, सगळी आली होती. आणि माझ्या तब्येतीचं विचारलं. उत्तर दिलं नाही. आमचं भांडण अजून चालू आहे, त्या विसरल्या असतील.

माझी झेरॉक्स मात्र अजून तिथेच. डिंक मी चांगला लावला होता. नखांनी खरवडून काढली.

२ फेब्रुवारी

ताईचा फोन. शेगडी बघून ठेवलीय, काचेची, दुकानदार आणखी थांबायला तयार नाही. पैसे कधी?

सांगून टाकलं. प्रमोशन नव्हतं, म्हणजे होणार होतं. बॉयलर माझा नाही. बॉयलरला गॅस आला.

ताई म्हणाली, नशीब त्या बॉयलरचं, त्याला तुझ्यासारखा मुलगा मिळाला.

मी भांडणार होतो. उबळ आली. तिकडून आईने फोन घेतला, तिलाही उबळ आली. ताई मागून म्हणाली, दोघं खोकूनच बोला, तेवढंच समजतं तुम्हाला एकमेकांचं. आई म्हणाली, गॅसचं राहू दे, पाव्हणे थोडेच येणार आहेत. तुझा खोकला कसला? मी म्हटलं, इथे धूर आहे. आधी बोलून गेलो, मग कळलं काय बोललो. आई म्हणाली, कोणाचा?

सांगितलं. आमचाच.

ठराव नाही आज.

आईला एवढंच सांगितलं: चूल आजच लिंपून घे. लाकूड सुकं असेल तरच घे, ओलं स्वस्त मिळालं तरी नको. पेटवायला चपलेचा तुकडा, पिशवी, रबर काही घालू नकोस, एवढंसंसुद्धा. दार उघडं ठेव, थंडी वाजली तरी. नाकाला ओलं फडकं बांध. पंचा पोस्टाने पाठवतोय, डाग गेले नाहीत पण धुतलेला आहे.

आणि सोबत नऊशे.